हाँगकाँग विद्यापीठ: युद्धानंतरची फेरउभारणी आणि प्राध्यापकांचा शोध

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण आला. हाँगकाँगमधल्या स्टॅन्लीच्या जपानी कैदी-छावणीत साडेतीन वर्षे डांबलेले हाँगकाँग विद्यापीठाचे इंग्रज प्राध्यापक बाहेर पडले, तेव्हा पोकफुलमच्या टेकडीवरच्या मुख्य इमारतीच्या भिंतीच काय त्या शाबूत होत्या. छप्पर, तक्तपोशी, दारे-खिडक्या, जे जे लाकडी होते ते युद्धकाळात उचकटून नेलेले. ज्या शहरात सरपण मिळत नव्हते, तिथे दुसरे काय होणार होते? शेजारच्या फुंग पिंग शान ग्रंथालयातली चिनी पुस्तके मात्र बरीचशी वाचली.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत मुंबईचा पैसा आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. होरमसजी नवरोजी मोदी हे १८३८ साली मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ. १८६० च्या सुमारास ते हाँगकाँगला गेले, अफूच्या व्यापारात कमावले, पुढे शेअर दलालीत नाव काढले. गव्हर्नर लुगार्ड यांनी १९०८ मध्ये विद्यापीठाची कल्पना मांडली, तेव्हा इमारतीसाठी दीड लाख डॉलर देण्याचा शब्द मोदींनी दिला. खर्च वाढत गेला, तरी त्यांनी हात आखडता घेतला नाही. १६ मार्च १९१० रोजी कोनशिला बसली. १९१२ चे उद्घाटन पाहायला मात्र ते राहिले नाहीत; आदल्याच वर्षी वारले.

लुगार्ड यांच्या डोळ्यांसमोर हिंदुस्थान होता, पण टाळायचे उदाहरण म्हणून. १८५७ साली स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठे मुख्यतः परीक्षा घेणारी. त्यांतून बेकार आणि असंतुष्ट पदवीधर निघतात, असे त्यांचे मत. म्हणून इथे वसतिगृहांवर भर आणि सुरुवात वैद्यक व अभियांत्रिकीपासून. कला शाखा १९१३ मध्ये आली. या धोरणामागे राजकारणाची भीती होती, यात शंका नाही. तरीही त्यातून एक चांगली गोष्ट घडली: ज्या वसाहतीला डॉक्टर आणि इंजिनिअर हवे होते, तिथे ते शिकवण्याची सोय झाली. वैद्यकाला पाया तयारच होता. १८८७ चे वैद्यकीय महाविद्यालय विद्यापीठात सामील झाले, आणि पुढे चिनी क्रांतीचे नेते झालेले सन यत्-सेन १८९२ मध्ये तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडले होते.

व्यावसायिक अभ्यासक्रम नुसता जाहीर करून चालत नाही. पदवीला ब्रिटनची मान्यता हवी, तर पूर्णवेळ शिक्षक हवेत, हाताशी रुग्णालय हवे. १९२० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनने वैद्यक, शल्यचिकित्सा आणि प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापकपदांसाठी निधी दिला, १९३७ मध्ये क्वीन मेरी रुग्णालय उघडले, तेव्हा कुठे ही घडी बसली. चारच वर्षांत युद्ध आले.

त्या काळात विद्यापीठ टिकले ते माणसांमुळे, असे मला मनापासून वाटते. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग जपानला शरण गेल्यानंतर, छावणीत रवानगी होण्याआधी, शेवटच्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना युद्धकालीन पदव्या दिल्या गेल्या. प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक गॉर्डन किंग चीनमध्ये निसटले आणि मागोमाग आलेल्या विद्यार्थ्यांची तिथल्या विद्यापीठांत सोय लावत राहिले. शरीरक्रियाशास्त्राचे लिंडसे राइड कैदेतून पळाले, चीनमधून कैद्यांच्या सुटकेचे काम करणारी संघटना त्यांनी उभी केली, आणि १९४९ मध्ये तेच कुलगुरू झाले.

इतके असूनही लंडनचा निर्णय होईना. चीनमध्ये यादवी पेटलेली. उद्या हाँगकाँगच हातात राहते की नाही, मग पैसा कशाला घाला? १९४६ मध्ये ब्रिटिश वसाहत खात्याचे शिक्षण सल्लागार क्रिस्टोफर कॉक्स यांच्या समितीने विद्यापीठाच्या भवितव्याचा विचार केला. त्याच ऑक्टोबरात वर्ग कसेबसे सुरू झाले. पण पुनर्स्थापनेला पक्का होकार मिळायला १९४८ उजाडले. या दिरंगाईचा खरा फटका भरतीला बसला. उद्याचा भरवसा नसलेल्या संस्थेत नोकरीसाठी कोण सहा हजार मैल येणार? छप्पर पैशाने चढते, पण शरीररचनाशास्त्राचा शिक्षक आणि प्रयोगशाळा नसेल तर वैद्यकाचे पुढचे वर्ष उघडताच येत नाही. भरती करताना प्रवासखर्च, लांब रजा आणि घर द्यावे लागे, आणि युद्धोत्तर हाँगकाँगमध्ये सर्वांत दुर्मीळ होते ते घरच. वसाहतींतल्या विद्यापीठांसाठी १९४६ मध्ये लंडनमध्ये आंतरविद्यापीठ परिषद स्थापन झाली, तिची मदत होई. स्थानिक चिनी पदवीधरांना वरच्या पदांवर घेण्याची तयारी आधीच ठेवली असती, तर ही ओढाताण कमी झाली असती, असे माझे मत आहे.

तोवर शहरच बदलले होते. १९४५ मध्ये सहा लाखांवर आलेली वस्ती १९५० पर्यंत वीस लाखांपलीकडे गेली. १९५० मध्ये वास्तुशास्त्र विभाग प्रा. गॉर्डन ब्राउन यांच्या हाती सुरू झाला. समाजकार्याचे शिक्षणही त्याच सुमाराचे, आणि पाठोपाठ शिक्षक-प्रशिक्षण. १९५३ मध्ये सिलोन विद्यापीठाचे आयव्हर जेनिंग्ज आणि लंडन विद्यापीठाचे डग्लस लोगन यांनी कारभाराची पाहणी करून अहवाल दिला. त्याच वर्षी नाताळच्या रात्री शेक किप मेईची झोपडपट्टी जळाली, पन्नास हजारांहून अधिक लोक उघड्यावर आले आणि सरकारला बहुमजली वसाहती बांधायला घ्याव्या लागल्या. वास्तुविशारद कशाला हवेत, हे मग कुणाला पटवून द्यावे लागले नाही.

कायद्याच्या अभ्यासक्रमाला मात्र १९६९ पर्यंत थांबावे लागले, दंतवैद्यकाला १९८० च्या दशकापर्यंत. कायद्याचे वर्ग नव्हते तोवर हाँगकाँगच्या मुलाला बॅरिस्टर व्हायचे, तर इंग्लंड गाठावे लागे.