ग्रंथपालांचे एम.लिब.नंतरचे शिक्षण : पुणे

ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी, म्हणजे व्यवहारात जिला एम.लिब. म्हणतात ती, मिळवलेल्या ग्रंथपालांसाठी असलेले पुढचे शिक्षण. पीएच.डी.चे संशोधन, आता बंद झालेली एम.फिल., सेवेतील ग्रंथपालांचे उजळणी वर्ग आणि हस्तलिखिते, दप्तरे, संगणकीकरण अशा एकेका कामाचे विशेष प्रशिक्षण यांचा त्यात समावेश होतो. पुण्यात या शिक्षणाचे औपचारिक केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा ग्रंथालय व माहितीशास्त्र विभाग हे आहे. मात्र ज्या संग्रहांना अशा विशेष शिक्षणाची खरी गरज भासते, ते भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, डेक्कन कॉलेज, भारत इतिहास संशोधक मंडळ, गोखले अर्थशास्त्र संस्था आणि पुणे पुराभिलेखागार अशा ठिकाणी, बहुतांशी विद्यापीठाबाहेर, विखुरलेले आहेत.

ग्रंथालयशास्त्रात डॉक्टरेटची सोय प्रथम अमेरिकेत, शिकागो विद्यापीठात, १९२० च्या दशकाच्या अखेरीस झाली. तेथे पुढे एम.लिब. आणि पीएच.डी. यांच्यामध्ये साधारण एका वर्षाचे प्रगत अभ्यासाचे प्रमाणपत्र रुजले. नोकरीतल्या ग्रंथपालाने प्रबंधाचा भार न घेता एखाद्या शाखेत प्रावीण्य मिळवावे, हा त्याचा हेतू. भारतात या विषयातील पहिली पीएच.डी. १९५७ मध्ये दिल्ली विद्यापीठाने डी. बी. कृष्णराव यांना दिली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन त्यांचे मार्गदर्शक होते आणि विषय होता कृषिशास्त्राचे सखोल वर्गीकरण. त्यानंतर या विषयातील दुसऱ्या पीएच.डी.ला जवळपास वीस वर्षे लागली. अमेरिकेतील प्रमाणपत्रासारखी मधली पायरी आपल्याकडे काही काळ एम.फिल.च्या रूपाने होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने ती काढून टाकली. परिणामी एम.लिब.नंतर पुण्यातल्या ग्रंथपालापुढे बहुधा एकतर काही आठवड्यांचा वर्ग असतो, नाहीतर काही वर्षांचा प्रबंध.

याच नियमावलीनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची असून किमान १२ श्रेयांकांचे प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. त्यांत संशोधनपद्धती आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हे विषय अनिवार्य आहेत. संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र असल्यास अर्धवेळ नोंदणी करता येते. महाविद्यालयीन ग्रंथपालांना ही तरतूद विशेष सोयीची आहे, कारण बहुतेक ठिकाणी ग्रंथपाल एकच असतो आणि दीर्घ रजा मिळणे अवघड असते.

पदवीचे आकर्षण बरेचसे सेवानियमांतून आलेले आहे. महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी एम.लिब.ला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट (राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा) लागते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेते. पीएच.डी.धारकांना नियमांच्या चौकटीत या परीक्षेतून सूट मिळते. आयोगाच्या २०१८ च्या निकषांनुसार विद्यापीठाच्या उपग्रंथपाल आणि ग्रंथपाल या पदांना तर पीएच.डी. आवश्यकच आहे, व ग्रंथपालपदासाठी तिच्या जोडीला दहा वर्षांचा अनुभवही लागतो. याचा एक ठळक परिणाम असा की, ई-संसाधनांचा वापर, वाचकांचे समाधान किंवा नियतकालिकांतील लेखांचे संख्यात्मक विश्लेषण, असे प्रश्नावलीने वा आकडेमोडीने वेळेत उरकता येणारे विषय प्रबंधांसाठी वारंवार निवडले जातात. ते निरुपयोगी नाहीत. पण पुण्यातील संग्रहांचे प्रश्न वेगळे आहेत.

पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे कागद रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेले आणि मोडी लिपीत आहेत. त्यांना शीर्षक नसते. नोंद करणाऱ्याला पत्र कोणी कोणास लिहिले आणि विषय काय, हे मजकुरातूनच काढावे लागते, आणि कालनिर्णयासाठी सुहूर सन, म्हणजे अरबी संख्यानामांत लिहिलेले त्या काळचे वर्ष, उलगडावा लागतो. कागदावर 'अर्बा सबैन मया व अलफ' असे असेल, तर चार, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७४ होतात. त्यात ५९९ मिळवले की मृगापासून सुरू होणारे १७७३–७४ हे वर्ष येते, म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेच. वर्ष उलटल्यानंतरच्या, जानेवारी ते मे या काळातल्या तारखांसाठी ६०० मिळवावे लागतात, आणि येथेच नवखा माणूस एका वर्षाने चुकतो. भांडारकर संस्थेत १९१८ साली डेक्कन कॉलेजातून आलेल्या सरकारी हस्तलिखित संग्रहाची अडचण निराळी आहे : तेथे पुष्पिका, म्हणजे ग्रंथाच्या शेवटची समारोपाची नोंद, वाचून लेखक, लेखनिक आणि नकलेचा शक वेगवेगळे करावे लागतात. ही कौशल्ये एम.लिब.च्या अभ्यासक्रमात मावत नाहीत. मोडीचे वर्ग भारत इतिहास संशोधक मंडळात होतात, परंतु त्यांना येणारे बहुतेक इतिहासाचे अभ्यासक असतात. ग्रंथपालाने मोडी शिकल्याची नोंद पदोन्नतीच्या गुणांत घेतली जात नाही, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव म्हणावी लागेल.

संगणकीकरणाच्या बाबतीत शहराची स्थिती अधिक समाधानकारक आहे. 'स्लिम' ही ग्रंथालय-व्यवस्थापनाची संगणकप्रणाली पुण्यातच विकसित झाली. आज देशभरच्या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारे आणि 'शोधगंगा' हे प्रबंधांचे भांडार चालवणारे इन्फ्लिबनेट केंद्र १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाले आणि १९९६ मध्ये स्वतंत्र झाले. कोहा (ग्रंथालय-व्यवस्थापनासाठी), डीस्पेस (डिजिटल भांडारासाठी) अशा मुक्त संगणकप्रणालींच्या कार्यशाळा आता महाविद्यालयेही भरवतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची ग्रंथालय स्वयंचलन व नेटवर्किंगची पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून करता येते. उजळणी वर्ग विद्यापीठाच्या प्रशिक्षण केंद्रामार्फत होतात आणि पदोन्नतीसाठी ते लागतात. त्यामुळे वर्गात बसणाऱ्यांपैकी काहींचे लक्ष प्रमाणपत्राकडे असते, तर काही जण आपल्या ग्रंथालयातील अडलेली तालिका सोबत घेऊन येतात.