एकाच बाजूला वळणारा कागद: पुठ्ठ्याच्या जहाजांची पार्श्वभूमी

सोलापुरात खळ म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. मागावरच्या ताण्याला ती लागते आणि दिवाळीच्या आकाशकंदिलालाही. कामट्यांवर पतंगी कागद चिकटवायला तिच्याइतकं स्वस्त काही नाही. छापील कागदाचे तुकडे कापून, पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर चिकटवून केलेल्या कागदी जहाजाला मात्र ती चालत नाही. खळीतलं पाणी कागदात मुरतं, कागद फुगतो, आणि सुकताना सारखा न आकसता लाटा धरतो. कंदिलात ते खपून जातं. जहाजाच्या बाजूवर पडलेली अर्ध्या मिलिमीटरची लाट लांबून दिसते. वर कसर लागते ती वेगळीच.

असे छापील कापकामाचे कागद आले ते शिळाछापामागोमाग, म्हणजे दगडावरून होणाऱ्या छपाईमागोमाग. जर्मनीत सेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछाप शोधला आणि रंगीत चित्र स्वस्तात, हजारोंनी छापता येऊ लागलं. फ्रान्समध्ये एपिनालच्या पेलेराँ छापखान्यानं (स्थापना १७९६) आणि जर्मनीत एसलिंगेनच्या श्रायबर प्रकाशनानं (१८३१) पुढे मुलांसाठी असे ताव काढले. त्यांत इमारती असत, सैनिक असत, जहाजंही असत. पण ती खेळणी होती. प्रमाण वगैरे भानगड नव्हती. जहाज ओळखू आलं की झालं.

प्रमाणाची शिस्त आली ती टंचाईतून. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये धातू आणि लाकूड खेळण्यांना मिळेनासं झालं, तेव्हा पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर छापलेले ‘मायक्रोमॉडेल्स’चे संच खपले. युद्धानंतर जर्मनीत, उद्ध्वस्त झालेल्या विल्हेल्म्सहाफेन या नौदलाच्या बंदरगावातून जहाजांचे ताव निघू लागले आणि त्यांनी १:२५० हे प्रमाण रूढ केलं. म्हणजे खऱ्या जहाजाचा एक मीटर कागदावर ४ मिलिमीटर. ही जहाजं बहुतेक जलरेषेपर्यंतचीच, खाली सपाट. पोलंडमध्ये १९५७ साली ‘माउई मोडेलाश’ हे मासिक सुरू झालं आणि जहाजांसाठी तिथे १:२०० रुळलं, बहुधा पाण्याखालच्या भागासकट. पुढे ब्रिटन-अमेरिकेत प्लॅस्टिकच्या किटांनी कागदाला बाजूला सारलं. पोलंडमध्ये ती किटं सहज मिळत नव्हती, म्हणून तिथला कागद टिकला आणि सुधारत गेला. आजही बारकाव्याच्या बाबतीत पोलिश तावांचा हात धरणारं कुणी नाही, असं आमचं मत.

प्रमाण निवडणं म्हणजे कपाटाचा खण मोजणं. जुनी ‘विक्रांत’ (नौदलात १९६१ ते १९९७) सुमारे २१३ मीटर लांब होती. १:२५० ला ती ८५ सेंटिमीटर भरते, १:२०० ला एक मीटरच्या वर जाते, १:४०० ला ५३. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटरचा, त्यात समासही जातो. त्यामुळे १:२५० च्या विक्रांतची एक बाजू किमान चार तुकड्यांत येते. प्रत्येक सांधा फासळीवर, म्हणजे आतल्या आडव्या पुठ्ठ्यावर, बसला पाहिजे. दोन फासळ्यांच्या मध्ये आला की तिथे हमखास खळगा पडतो.

सांगाडा मात्र इतक्या वर्षांत फारसा बदललेला नाही: तळाचा पुठ्ठा, मधोमध उभा कणा, त्यात खाचांनी बसणाऱ्या आडव्या फासळ्या, वर डेक. पुठ्ठा १ मिलिमीटरचा, बाहेरचा कागद १६० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम वजन), बारीक गुंडाळ्यांना ८०. खाच आणि पुठ्ठा एकाच जाडीचे हवेत. १ मिलिमीटरच्या खाचेत १.२ चा पुठ्ठा दामटला की फासळ्या पूर्ण खाली बसत नाहीत, डेक उचलला जातो आणि बाजूचा कागद मागे पोचेपर्यंत मिलिमीटरभर तोकडा पडतो. झेरॉक्सवर १:२५० चं १:२०० करायचं तर १२५ टक्के लावतात. तेव्हा खाचही सव्वा मिलिमीटरची होते, हे बरेचजण विसरतात. मागावर नक्षी ठरवणारी जेकार्डची पंच केलेली कार्डं ज्यांनी हाताळलीत त्यांना हे पटेल. तिथेही भोक जरा सरकलं की चादरीवरचा मोर बिघडतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कागदाच्या धाग्यानं. कागद ज्या दिशेला सहज, न मोडता वळतो, त्या वळणाची रेषा म्हणजे धागा. बाजूच्या तुकड्यात तो जहाजाच्या लांबीला समांतर ठेवावा. कारण दमटपणात कागद धाग्याच्या आडवा जास्त फुगतो. धागा उभा ठेवला तर फुगवटा लांबीत जमा होतो आणि फासळ्या भुकेल्या बैलाच्या बरगड्यांसारख्या वर येतात. सोलापुरात हे आणखी छळतं. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात ताणून बसवलेली बाजू ऑगस्टमध्ये सैल पडते. म्हणून सांगाड्याला आधी वॉर्निश द्यावं, आतून ८० जीएसएमच्या पट्ट्यांचा एक थर लावावा आणि फेव्हिकॉल काडीच्या टोकानं, पाणी न मिसळता, फक्त कडेला घ्यावा. पंख्याखाली बसू नये. गोंदावर आधीच साय धरते आणि तुकडा सरकवायला वेळ उरत नाही.

नव्वदीनंतर संगणकावर आराखडे होऊ लागले आणि घरोघरी प्रिंटर आले. त्यांनी चुकाही नव्या आणल्या. इंकजेटची शाई ओल्या गोंदाला लागली की पसरते. लेझरची टोनर घडीवर तडकते. ‘फिट टू पेज’ चालू राहिलं की पान ९७ टक्क्यांवर उतरतं आणि ५० सेंटिमीटरच्या जहाजात दीड सेंटिमीटर गायब. प्रत्येक पानावर तपासणीसाठी छापलेली १०० मिलिमीटरची रेघ पट्टीनं मोजूनच कात्री उचलावी. कठड्याला सुती दोरा नको. सूत इथे घरचं असलं तरी त्यावरचा ०.२ मिलिमीटरचा तंतू १:२५० ला पाच सेंटिमीटर जाडीचा होतो. पॉलिस्टरचा दोरा मेणावरून ओढून घ्यावा.

समुद्रापासून इतक्या लांबच्या गावानं जहाजाकडे वळावं याला एक धागा आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. तोच दिवस आपण सागरी दिन पाळतो. विशाखापट्टणमला त्याच कंपनीच्या गोदीत बांधलेली ‘जलउषा’ मार्च १९४८ मध्ये पाण्यात उतरली. लॉयल्टी म्हणजे कॅनेडियन पॅसिफिकची जुनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’: दोन धुरांडी, तीन डोलकाठ्या आणि पुढे झेपावणारी, आत वळलेली नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. कागदात करायला तीच नाळ अवघड. कागद एका वेळी एकाच दिशेला वळतो, इथे दोन वळणं एकदम येतात. तिथे बाजूचा कागद पाकळ्यांसारखा चिरावा, पाच ते सहा मिलिमीटरच्या अंतरानं. प्रत्येक पाकळीची कड आधी जलरंगानं रंगवावी, कारण चिकटवल्यावर कापाची पांढरी रेघ झाकायला गेलं की रंग बाजूवर उतरतो. मग मधली पाकळी पहिली बसवून दोन्हीकडे सरकावं. टोकापासून सुरुवात केली तर शेवटची पाकळी कधीच पुरत नाही.