पंपाला ड्राइव्ह बसवला की देशाचा कार्बन कमी होतो का?

ड्राइव्हची, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाची, चौकशी करायला येणारे ग्राहक हल्ली बिलाबरोबर हाही प्रश्न विचारतात. उत्तर ‘हो’ आहे, पण त्याला दोन-तीन ‘पण’ चिकटलेले आहेत.

आधी हिशेब. जगातल्या एकूण विजेपैकी ४० टक्क्यांहून जास्त वीज मोटरी खातात. पुष्कळ ठिकाणी मोटर पूर्ण वेगाने पळते आणि पाणी जास्त होतं म्हणून व्हॉल्व्ह अर्धा आवळलेला असतो. ड्राइव्ह मोटरचाच वेग उतरवतो. पंप-पंख्यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनानुसार बदलते, म्हणजे वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती साधारण ५१ टक्क्यांवर येते. पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर मात्र एवढी बचत मिळत नाही. उंची काही कमी होत नाही.

एका ठिकाणी ड्राइव्ह बसवून सहा महिन्यांनी गेलो, तर पडद्यावर ५० हर्ट्झ, म्हणजे मोटर पूर्ण वेगावरच, आणि व्हॉल्व्ह पूर्वीसारखाच अर्धा बंद! आम्ही दिवसपाळीला शिकवून आलो होतो, रात्रपाळीला नाही. चूक आमचीच. आता दोन्ही पाळ्यांना दाखवल्याशिवाय काम पुरं झालं असं आम्ही धरत नाही.

देशांचंही असंच होतं. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ९० टक्के विजेवरच्या होत्या, तरी रस्त्यावर तेव्हाही सर्वांत जास्त संख्या डिझेलच्या मोटारींचीच होती. नवं येतं झपाट्याने, जुनं जातं रेंगाळत. ब्रिटनमध्ये २०१२ साली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ला तिथलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद झालं. पवनचक्क्या उभ्या राहिल्या म्हणून एवढं झालं नाही. कार्बनवर कर लागला, नैसर्गिक वायूनेही कोळशाची जागा घेतली आणि जुनी केंद्रं खरोखर बंद केली गेली.

आपण वाचवलेलं युनिट कुठून आलं असतं, हेही पाहावं लागतं. कोळशाच्या विजेचं एक युनिट म्हणजे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड. जलविद्युतीवर चालणाऱ्या देशात तेच युनिट वाचवून हवेत फारसा फरक पडत नाही.

शिवाय बचत झाली की वापर वाढतो. वाफेची इंजिनं सुधारली तसा कोळसा उलट जास्त जळू लागला, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५मध्येच दाखवून दिलं होतं. आमच्याकडे याचं छोटं रूप दिसतं: काढलेला जुना पंप ‘स्टँडबाय’ म्हणून ठेवतात आणि महिनाभरात दोन्ही चालू! जुनी मोटर भंगारात द्या, दुसऱ्याला चालवायला नको.

आणि पंप दिवसभर पूर्ण भारावरच चालत असेल, तर ड्राइव्ह घेऊच नका. तो स्वतःच दोन-चार टक्के वीज उष्णतेत घालवतो. येताना मोटरच्या नेमप्लेटचा फोटो आणि वर्षभराची बिलं आणा. गरज नसेल तर तसं सांगू.