गळाच्या काठीवरील गाईडची निवड

रिळातून सुटलेली दोरी काठीच्या अंगाबरोबर टोकापर्यंत नेणाऱ्या कड्यांना गाईड म्हणतात. बाजारातल्या तयार काठीवर ते कारखान्यातूनच बसून येतात. कोऱ्या दांड्यावर, म्हणजे ब्लँकवर, स्वतः काठी बांधणाऱ्याला मात्र गाईड किती, कोणत्या मापाचे, किती उंच आणि नेमके कुठे, हे सगळे ठरवावे लागते. मुठीचा कॉर्क आणि धाग्यांचे रंग यांनी काठी देखणी होते. ती लांब फेकते का आणि मासा लागल्यावर नीट वाकते का, हे ब्लँकखालोखाल गाईडच ठरवतात.

गाईडचे भाग तीन: ब्लँकवर धाग्याने बांधला जाणारा पाय, त्यावरची धातूची चौकट आणि चौकटीत बसवलेली कठीण, गुळगुळीत रिंग. एकपायी गाईड हलका असतो आणि ब्लँकला मोकळेपणी वाकू देतो. दुपायी जड, पण मजबूत. त्यामुळे हलक्या आणि मध्यम काठ्यांवर मुठीकडचे एक-दोन गाईड दुपायी आणि पुढचे सगळे एकपायी अशी मांडणी सर्रास दिसते. मोठ्या समुद्री माशांसाठीच्या जड काठीवर टोकापर्यंत दुपायीच वापरतात. सगळ्यात शेवटचा गाईड म्हणजे टिप-टॉप. त्याला पायाऐवजी नळी असते आणि ती ब्लँकच्या टोकावर चढवतात.

गाईडवरचा आकडा बहुतेक उत्पादकांकडे रिंगच्या बाहेरच्या व्यासाचा, मिलिमीटरमधला असतो. दोरीला मिळणारी आतली वाट त्याहून लहान असते आणि ती रिंगच्या जाडीप्रमाणे बदलते. एकाच आकड्याचे दोन गाईड शेजारी ठेवले तर जाड रिंगच्या गाईडमधून अडकणारी गाठ पातळ रिंगमधून सहज निघून गेलेली दिसते. टिप-टॉपच्या नळीचे माप आणखी वेगळे. अमेरिकी पद्धतीत ते इंचाच्या चौसष्टांशात देतात, म्हणजे ५ नंबरची नळी ५/६४ इंच, जवळपास २ मिलिमीटर. जपानी पद्धतीत तीच नळी थेट मिलिमीटरमध्ये सांगतात. ब्लँकच्या टोकाची जाडी कॅलिपरने मोजून, कोणत्या पद्धतीचा आकडा आहे ते पाहूनच नळी मागवावी.

कॅटलॉग उघडला की नवशिक्याची पहिली नजर रिंग कशाची आहे यावर जाते. तो प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याची पाळी बरीच नंतर येते. आधी रीळ कोणते, मग दोरी कोणती आणि तिच्यात सर्वांत जाड गाठ कोणती, मग ब्लँक कसा वाकतो. एवढे ठरले की मापे आणि जागा आपोआप आवाक्यात येतात आणि उरलेल्या पैशांत रिंग निवडता येते.

रिळाप्रमाणे मांडणी

स्पिनिंग रीळ काठीच्या खाली लटकते आणि फेकताना त्याचा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, फिरत नाही. दोरी स्पूलच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटते. ही वेटोळी पहिल्या काही गाईडमध्ये आवरली गेली नाहीत, तर दोरी ब्लँकवर आपटत राहते. फेकीची लांबी जाते ती इथे. जुनी पद्धत अशी की पहिला गाईड चांगला मोठा, ३० किंवा ४० मापाचा घ्यायचा आणि तिथून टोकापर्यंत माप हळूहळू उतरवत न्यायचे. जपानच्या फुजी कंपनीने ‘न्यू गाईड कॉन्सेप्ट’ या नावाने रूढ केलेल्या पद्धतीत उतार झपाट्याने होतो. पहिले दोन-तीन गाईड उंच चौकटीचे पण लहान रिंगचे असतात. ते वेटोळी लवकर आवळतात आणि तिथून पुढे एकाच मापाचे छोटे, बुटके गाईड ओळीने लागतात. यांना धावते गाईड म्हणतात. उदाहरणार्थ, मध्यम स्पिनिंग काठीवर २५, १६, १० आणि मग सगळे ६ किंवा ५. उंची इथे व्यासाइतकीच कामाची आहे, कारण उंच चौकट दोरीला ब्लँकपासून दूर ठेवते.

आवळणारा शेवटचा गाईड, म्हणजे चोक गाईड, कुठे बसवायचा हे ठरवण्याची युक्ती साधी आहे. रीळ आपल्या जागी घट्ट बसवायचे. स्पूलचा अक्ष ब्लँकला समांतर नसतो, तो पुढे जाताना किंचित ब्लँककडे झुकलेला असतो. काठी टेबलावर आडवी ठेवून त्या अक्षाच्या रेषेत लांब सरळ पट्टी धरली, की ती पुढे कुठेतरी ब्लँकला मिळते. चोक गाईड साधारण त्या जागी येतो. पट्टी ऐवजी अक्षाच्या रेषेत ताणलेला दोराही चालतो, मात्र तो धरायला दुसरा माणूस लागतो. अक्ष आणि ब्लँक यांतला कोन रिळागणिक वेगळा असल्याने एका रिळासाठी बांधलेली काठी दुसऱ्या रिळावर थोडी कुरकुर करू शकते. पहिल्या गाईडची रिंग स्पूलच्या व्यासाच्या निम्म्याच्या आसपास, आणि मध्यम रिळाला तो स्पूलच्या तोंडापासून अर्ध्या मीटरच्या जवळपास, हा चालू ठोकताळा. नेमकी जागा फेकून पाहिल्यावरच कळते.

बेटकास्टिंग रिळाचा स्पूल फेकताना स्वतः फिरतो आणि दोरी सरळ येते. आवरायला वेटोळी नसल्याने सुरुवातीपासूनच लहान, बुटके गाईड चालतात. इथली अडचण निराळी. दोरी स्पूलवर सारखी पसरवणारा लेव्हलवाइंड डावीकडून उजवीकडे सरकत असतो. पहिला गाईड फार जवळ आला तर लेव्हलवाइंड कडेला असताना दोरी तिरकी खेचली जाते आणि घर्षण वाढते. शिवाय गाईड काठीच्या वर असतात. काठी वाकली की ते कमानीच्या बाहेरच्या अंगाला येतात आणि दोन गाईडमधली ताणलेली दोरी आतल्या बाजूला, ब्लँककडे झेपावते. गाईड विरळ असतील तर ती ब्लँकला घासते. म्हणून सारख्याच लांबीच्या स्पिनिंग काठीपेक्षा इथे एखादा गाईड जास्त लागतो.

वरच्या गाईडचा दुसरा त्रास म्हणजे पीळ. ताण आला की दोरी खालच्या बाजूला जाऊ पाहते आणि काठी हातात फिरू लागते. ब्लँकची कडक बाजू, ज्याला स्पाइन म्हणतात, शोधून तिच्या रेषेत गाईड लावले की पीळ थांबतो असा समज दीर्घकाळ होता आणि अजूनही काहीजण तो धरून आहेत. प्रत्यक्षात पिळाचे कारण गाईडची बाजू हे आहे. गाईड वर असले की स्पाइन कुठेही ठेवा, काठी वळणारच. गाईड खाली असले की ती आपसूक स्थिर राहते. ब्लँकचा सर्वांत सरळ दिसणारा अंग निवडावा, हे अनुभवी बांधणाऱ्यांचे मत म्हणूनच अधिक पटते. पीळ खरोखर घालवायचा तर सर्पिल मांडणी करतात. पहिला गाईड वर, पुढचे दोन-तीन थोडे थोडे बाजूला सरकत आणि उरलेले सगळे थेट खाली. पाहणाऱ्याला काठी चुकून बांधल्यासारखी वाटते, पण जड माशाशी झुंजताना मनगटाला मिळणारा आराम स्पष्ट जाणवतो.

फ्लाय काठी, म्हणजे दोरीच्याच वजनावर हलकी कृत्रिम माशी फेकायची काठी, थोड्या फरकाने भागवते. जाड, लेपित दोरीसाठी मुठीकडे एक-दोन रिंगचे स्ट्रिपिंग गाईड आणि पुढे नुसत्या वळवलेल्या तारेचे, नागमोडी स्नेक गाईड. ते अतिशय हलके असतात.

वजन आणि संख्या

१९७३ साली अमेरिकेच्या फेनविक कंपनीने कार्बन तंतूंची काठी बाजारात आणली आणि ब्लँक हलके होत गेले. तेव्हापासून गाईडचे वजन जास्तच डोळ्यांवर येऊ लागले. काठी फिरवताना जाणवणारे जडत्व वजनाच्या पटीत आणि मुठीपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. मुठीपासून २.१ मीटरवर, टोकाशी ठेवलेला १ ग्रॅम हा ०.७ मीटरवर ठेवलेल्या ९ ग्रॅमइतका जड पडतो. म्हणजे मुठीकडचा मोठा दुपायी गाईड फारसा नडत नाही; टोकाकडच्या तीन-चार गाईडवर चढलेला जास्तीचा धागा आणि त्यावरचा इपॉक्सीचा लेप नडतात. टोक जड झाले की फेकीनंतर काठी थरथरत राहते आणि माशाचा हलका टोला हातापर्यंत पोचत नाही.

याच कारणाने ४ मापाच्या आणि त्याहून लहान मायक्रो गाईडची लाट आली. बेटकास्टिंग काठीवर ते छान चालतात. पण ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेल्या दोरीला पुढे फ्लुरोकार्बन किंवा नायलॉनचा तुकडा जोडायची सवय असेल, तर गाठ त्यातून खडखडत जाते आणि कधी फेकीच्या मध्येच अडकते. अशा जोडणीसाठीची एफजी नावाची गाठ पातळ असल्याने बरीचशी निभावते. जाड गाठी बांधणाऱ्याने एक माप वर जावे. गोठवणाऱ्या थंडीतही लहान रिंगमध्ये बर्फ लवकर साचतो.

संख्येसाठी काठीच्या फुटांइतके अधिक एक, टिप-टॉप सोडून, हा ठोकताळा आहे. ७ फुटी काठीला ८. यावरून सामान मागवायला हरकत नाही, पण एखादा गाईड जास्तीचा हाताशी असावा. खरी संख्या ताणचाचणी सांगते. गाईड रबरी नळीच्या बारीक चकत्यांनी ब्लँकवर तात्पुरते अडकवतात. अंतर टोकापाशी साधारण १० सेंटीमीटर ठेवून मुठीकडे वाढवत नेतात. मूठ पक्की धरून, दोरी ओवून, तिला वजन लावून काठी काटकोनाच्या आसपास वाकवतात आणि बाजूने पाहतात. ब्लँक कमानीत जातो, दोरी प्रत्येक दोन गाईडमध्ये सरळ रेषेत. जिथे दोरी एखाद्या गाईडपाशी झटकन कोन करते, तिथे शेजारचे गाईड सरकवायचे किंवा एक वाढवायचा. साधारणपणे गडबड ब्लँक सर्वांत जास्त वाकतो तिथे, टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात असते. वेगवान ब्लँक टोकाशीच वाकतो, म्हणून त्याचे गाईड पुढे दाटतात. मंद ब्लँकचे अधिक सारखे पसरतात. चांगली मांडणी झाली की एक गाईड काढल्यावर कोन लगेच दिसतो आणि एक वाढवल्यावर काहीच सुधारत नाही. मग फेकून पाहायचे. स्पिनिंग काठीत या दोन चाचण्यांची वाटणी ठरलेली आहे: पहिल्यापासून चोकपर्यंतचे गाईड फेकीने, पुढचे ताणाने.

तयार आकड्यांचे तक्ते मिळतात. त्यावर सरसकट भिस्त ठेवू नये, कारण तक्ता करणाऱ्याच्या हातात तुमचा ब्लँक नव्हता.

रिंग आणि चौकट

आता रिंगचा पदार्थ. कडक क्रोमची तार, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, झिर्कोनिया आणि सिलिकॉन कार्बाइड हे नेहमीचे पर्याय. कठीणपणाच्या मोह्स मापावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे स्फटिकरूप कोरंडम ९ वर आहे आणि सिलिकॉन कार्बाइड त्याच्या थोडे वर. सिलिकॉन कार्बाइड उष्णताही चांगली वाहून नेते, त्यामुळे मोठा मासा झपाट्याने दोरी ओढून नेतो तेव्हा घर्षणाची उष्णता एका जागी साचत नाही. १९९० च्या दशकात पॉलिएथिलीनच्या ब्रेडेड दोऱ्या पसरल्या आणि जुन्या मऊ रिंगांवर चऱ्या पडू लागल्या. त्यात दोरीइतकाच दोष तिच्या विणीत अडकणाऱ्या वाळूचा आणि मिठाच्या कणांचा असतो. नायलॉनची तंगूस वापरणाऱ्याला साधे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड पुष्कळ होते. ब्रेडेड दोरी असेल तर वरच्या दर्जाची रिंग घ्यावी, आणि सगळे गाईड महाग परवडत नसतील तर टिप-टॉप आणि पहिला गाईड तेवढा चांगला घ्यावा. दोरीचा सर्वांत तीव्र कोन टिप-टॉपवर होतो. कठीण रिंग ठिसूळही असते, ती दगडावर आपटली तर टवका उडतो.

चौकट बहुधा स्टेनलेस पोलादाची किंवा टायटॅनियमची. पोलादाची घनता दर घन सेंटीमीटरला ८ ग्रॅमच्या आसपास, टायटॅनियमची ४.५. खाऱ्या पाण्यात टायटॅनियम गंजत नाही, आणि टोकाकडच्या गाईडमध्ये त्याचा हलकेपणा पैसे वसूल करतो. मुठीकडच्या मोठ्या गाईडमध्ये फरक हाताला कळतही नाही. निकेल-टायटॅनियमच्या तारेचे गाईड चिरडले तरी पुन्हा मूळ आकारात येतात. त्यांना वेगळी रिंग नसते. चौकटीचा आकारही पाहावा: पुढे झुकलेल्या पायांच्या चौकटीवर दोरीचे वेटोळे पडले तर ते फेकीच्या ओढीने आपणच घसरून सुटते. ब्रेडेड दोरीला हे फार उपयोगी. तारेच्या दोरीला किंवा खोल समुद्रातल्या जड मासेमारीला फिरत्या चाकाचे रोलर गाईड लावतात. त्यांना तेलपाणी नियमित लागते.

बसवण्याआधीची एक गोष्ट मात्र टाळू नये. गाईडच्या पायाचे टोक कारखान्यातून अनेकदा जाड, धारदार येते. ते तसेच बांधले तर काठी वाकताना ती धार कार्बनमध्ये रुतते आणि ब्लँक नेमका तिथे तुटतो. बारीक कानशीने पायाचे टोक वरून उतरते करायचे, खालची कड बोटाला लागणार नाही इतकी घासायची. धागाही मग पायावर न अडखळता चढतो. पाय सपाट बसतो की थोडा डुगडुगतो हे ब्लँकवर ठेवून पाहावे. डुगडुगणारा पाय धाग्याच्या ताणाने दाबून बसवला की ब्लँकवर कायमचा ताण राहतो. टिप-टॉप गरम केल्यावर मऊ होणाऱ्या गोंदाने चिकटवतात, म्हणजे रिंग फुटली तर नळी जराशी तापवून काढता येते. रिंगला चीर गेली का हे डोळ्यांना पुष्कळदा दिसत नाही. कान साफ करायची कापूस लावलेली काडी रिंगच्या आतून सगळीकडे फिरवावी. चीर असेल तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात.