आठव्याची धास्ती, चिंचेचे डोहाळे

सातवा महिना लागला की मराठी घरात गर्भारणीला एक प्रश्न हमखास येतो: काय खावंसं वाटतंय गं? 'भीती वाटते का' असं सहसा कुणी विचारत नाही आणि विचारलंच, तर 'छे, कसली भीती' हे उत्तर ठरलेलं. पाय सुजलेत, रात्री कूस बदलताना जीव जातो, छातीत जळजळतं, काल दुपारपासून पोटातलं कमी हललंय, हे सगळं मनात असतंच. पण जुन्या एकत्र घरात सासू-सासऱ्यांसमोर, जावा-नणंदांच्या गराड्यात सुनेला ते बोलायची सोय नव्हती. सोय होती ती डोहाळ्यांची. चिंच हवी, कैरी हवी, कवठ हवं, आईच्या हातची पिठलं-भाकरी हवी. शेवटच्या मागणीत पिठलं किती आणि आई किती, हे ऐकणाऱ्या बायकांना बरोबर कळायचं.

डोहाळ्यांचा इतिहास म्हणूनच नुसता खाण्याचा नाही. वर्षभर 'काय हवंय' असं कुणी न विचारलेल्या बाईला ते विचारायची रीत कशी पडली, कुणी पाडली आणि पुढे तिचं काय झालं, असा तो आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. डोहाळा आला प्राकृतातून. पालीत 'दोहळ', संस्कृतात 'दोहद' आणि 'दौहृद'. वैद्यांनी त्याची फोड केली ती 'दोन हृदयांची' अशी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून या दोन हृदयांच्या बाईला दौहृदिनी म्हणावं. चरकसंहिता हाच प्रकार तिसऱ्या महिन्यात सांगते. मागणं आईच्या तोंडून येतं, पण मागणारं आतलं हृदय असतं, अशी ही कल्पना. काही भाषाभ्यासक मात्र 'दुर्हृद्', म्हणजे बिघडलेलं, मळमळणारं मन, इकडे बोट दाखवतात. उलट्यांनी हैराण झालेल्या बाईला विचाराल तर ती दुसऱ्या व्युत्पत्तीच्या बाजूने मत देईल.

दोन हृदयांची कल्पना शरीरशास्त्र म्हणून कशीही असो, घरातल्या व्यवहारात मोठी चलाख होती. सून मागते म्हटलं की तो हट्ट. वंशाचा अंकुर मागतो म्हटलं की सगळं घर धावतं. शिवाय सुश्रुतात धमकीही आहे: डोहाळे डावलले तर मूल कुबडं, लंगडं, ठेंगणं, मंद किंवा डोळ्यांनी अधू निपजेल. आजही लाळ गाळणारं मूल दिसलं की 'आईचे डोहाळे पुरवले नव्हते वाटतं' असं एखादी आजी म्हणून जाते. त्या जुन्या धमकीचं हे उरलेलं टोक. मुलं लाळ गाळतात ती दात येताना, आणि डोहाळ्यांशी तिचा काही संबंध नाही. पण या समजापायी किती सुनांच्या ताटात दोन घास जास्त पडले असतील, हा विचार केला की त्याच्यावर फार रागावता येत नाही.

सुश्रुताची यादी वाचायला मजेदार आहे. राजाला पाहावंसं वाटलं तर मुलगा धनवान होणार, रेशमी वस्त्रं-दागिने हवेसे वाटले तर नटण्याची हौस असणारा, ऋषींच्या आश्रमाची ओढ लागली तर धर्मशील, साप किंवा हिंस्र जनावर बघावंसं वाटलं तर हिंसक. घोरपडीचं, रेड्याचं, डुकराचं मांस मागणाऱ्यांचीही फळं तिथे दिलेली आहेत. गोड आवडलं तर मुलगा, आंबट आवडलं तर मुलगी, हा आपल्याकडचा ठोकताळा त्यापुढे अगदीच गरीब वाटतो.

चरकाचं मला आवडलेलं वचन वेगळंच आहे. इच्छा फारच तीव्र असेल तर अपथ्याचा पदार्थसुद्धा हितकर पदार्थात मिसळून तिला द्यावा, कारण इच्छा दाबली तर वायू बिघडून गर्भाला अपाय होतो, असं तिथे सांगितलंय. वायूचं राहू द्या. नऊ महिने 'हे खाऊ नको, ते खाऊ नको' ऐकणाऱ्या बाईच्या बाजूने इतक्या जुन्या काळात कुणीतरी लेखी बोललं, हे काही थोडं नाही.

शेवटच्या महिन्यांबद्दल तर चरकाचं निरीक्षण फारच नेमकं आहे. आठव्या महिन्यात ओज, म्हणजे शरीराचं सारभूत बळ, कधी आईकडून गर्भाकडे, कधी गर्भाकडून आईकडे जातं, त्यामुळे ती घडीत आनंदी आणि घडीत म्लान होते. सातआठ महिन्यांची गर्भारीण सकाळी झबली-टोपडी बघून हसते आणि संध्याकाळी काही कारण नसताना डोळे पुसते, हे त्या वैद्याने पाहिलेलं असणार. पण याच ओजाच्या सिद्धांतातून एक धास्तीही जन्मली: आठव्या महिन्यात जन्मलेलं मूल जगत नाही. 'सातवं जगतं, आठवं जगत नाही' हे घराघरांत अजून ऐकू येतं. ते साफ चूक आहे. पोटात राहिलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फुफ्फुसांना बळच देतो. तरी कितीतरी बायका आठवा महिना जीव मुठीत धरून काढतात, आणि नववा लागला की त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते.

नववा लागला की सूतिकागृहात जावं, असं चरक सांगतो आणि तिथे कोण असावं हेही सांगतो: पुष्कळ बाळंतपणं झालेल्या, जिव्हाळ्याच्या, धीर देणाऱ्या बायका. वैद्याच्या ग्रंथात औषधांच्या आणि उपकरणांच्या यादीशेजारीच ही मैत्रिणींची यादी आहे.

कवींनी आणि कथाकारांनी डोहाळ्यांचा आपापल्या परीने फायदा उठवला. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेच्या तोंडाला मातीचा वास येतो आणि दिलीप राजाला त्या वासाची तृप्तीच होत नाही. कालिदासाने माती खाण्याच्या डोहाळ्याला राजेशाही अर्थ दिला: होणारा मुलगा पुढे पृथ्वीच भोगणार आहे! याच काव्यात पुढे सीतेला गंगाकाठचे आश्रम पुन्हा पाहायचे डोहाळे लागतात आणि राम तोच बहाणा करून तिला रथात बसवून वनात सोडायला लावतो. डोहाळे पुरवण्याच्या नावाखाली झालेला एवढा मोठा विश्वासघात दुसरा नसेल. जातकातली, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतली मगरीण वानराचं काळीज मागते तेही दोहळ म्हणूनच. डोहाळा ही कथा पुढे ढकलायची युक्तीच होऊन बसली. मॉरिस ब्लूमफील्ड या अमेरिकन संस्कृत पंडिताने १९२० साली या एकाच कथाबीजावर स्वतंत्र लेख लिहिला, इतकी उदाहरणं त्याला सापडली.

मराठीत हा धागा श्रीधरस्वामींनी फार रंगवला. १७०३ सालच्या 'रामविजया'त दशरथ तिन्ही राण्यांना डोहाळे विचारतो. कैकेयीला वाटतं, थोरल्याला देशोधडीला लावावं. सुमित्रेला थोरल्याची सेवा हवी असते, कौसल्येच्या तोंडून तर रामच बोलू लागतो. पुढचं सगळं रामायण राण्यांच्या पोटातून आधीच ऐकू येतं. पोथी ऐकायला बसलेल्या बायकांना हा भाग किती ओळखीचा वाटला असेल! दशरथाने विचारलं तरी, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं असेल.

धर्मशास्त्रात या काळासाठी सीमंतोन्नयन हा संस्कार आहे. आश्वलायन गृह्यसूत्र तो चौथ्या महिन्यात सांगतं, इतरत्र सहावा-आठवाही येतो. नवऱ्याने साळूच्या काट्याने आणि कोवळ्या उंबरांच्या घोसाने बायकोचा भांग वर काढायचा, वीणावाल्यांनी गायचं. मंत्र पुरुषांचे, कृती नवऱ्याची. आपलं डोहाळजेवण याच्या शेजारी वाढलं, पण त्याची सूत्रं बायकांच्या हाती राहिली. तिसऱ्या महिन्यात चोरओटी, चार जणींतच, कारण गर्भ टिकेलच याची तेव्हा खात्री नसते. सातव्यात मात्र उघड सोहळा: हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण, झोपाळा, बाग, चांदणं, जमलं तर नाव. दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून 'मुलगा की मुलगी' हा खेळ. या खेळामागची मुलाची आस काही निरागस नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, तो उगाच नव्हे.

डोहाळजेवणात खरं बोलणं व्हायचं ते जेवणं उरकल्यावर, मागच्या पडवीत. कुणाची वार अडकली होती, कुणाला तीन दिवस कळा येत होत्या, खोट्या कळा कोणत्या आणि खऱ्या कोणत्या, पोट खाली उतरलं म्हणजे किती दिवस उरले. अनुभवी बायका जरा तिखटमीठ लावूनच सांगायच्या आणि पहिलटकरणीची झोप उडायची. तरी ती ऐकायची, कारण दुसरीकडे कुठे हे ऐकायला मिळणार? गाण्यांतून 'पहिल्या मासी, दुसऱ्या मासी' करत महिन्यामहिन्याचे डोहाळे मोजले जायचे. जात्यावर पहाटे दोघी दळायला बसल्या की ओवीतून माहेर, आई, भाऊ, गर्भारपण सगळं यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या. दळण संपलं तरी बायकांचं बोलणं त्यामुळे कागदावर राहिलं.

या बोलण्याखालची भीती मात्र खरी होती. आनंदीबाई जोशींचं मूल त्या चौदा वर्षांच्या असताना जन्मलं आणि दहा दिवसांत गेलं. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. माजघरात कुजबुजत बोलायचा विषय एका मराठी मुलीने परदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयात मांडला. पुढच्याच वर्षी, बावीस पुरी व्हायच्या आधी, त्या गेल्या.

डोहाळ्यांचा पुढचा अध्याय मुंबईतल्या गिरणगावात घडतो. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. गिरणीकामगार बायकांना गर्भारपणात पंडुरोग होऊन त्या का दगावतात, हे तिला शोधायचं होतं. या पंडुरोगात रक्तपेशी फुगलेल्या दिसत, म्हणजे हा नेहमीचा लोहाच्या कमतरतेचा प्रकार नव्हता. तिने त्यांचं खाणं तपासलं: भाजी, फळ, दूध जवळजवळ नाहीच. शेवटी ब्रिटिश घरांत पावाला लावतात तो मार्माइट, म्हणजे यीस्टचा काळा अर्क, दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखलं जाई. तेच फोलेट. आज जगभरच्या गर्भवतींना फॉलिक ॲसिडची जी गोळी मिळते, तिची एक मुळी परळ-लालबागच्या बायकांच्या फिकट चेहऱ्यांपर्यंत जाते. त्यांच्यातल्या एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

माती, चुलीची राख, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं हेही या जागी नव्याने वाचावं लागतं. कालिदासाला त्यात साम्राज्य दिसलं, डॉक्टर आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगतात. लोह कमी असलेल्या बायकांत ही ओढ जास्त आढळते, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गर्भवती रक्तक्षयी निघाल्या. तेव्हा कुणी लाजत लाजत 'मातीचा वास आवडतो हल्ली' म्हणाली, तर हसण्यावारी नेऊ नये.

लुसी विल्स मुंबईत आली त्याच काळात मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचा प्रश्न आला. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू घेतली: बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही भार उचलला पाहिजे. १९२९ चा मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा हा भारतातला अशा प्रकारचा पहिला. देशभरासाठी कायदा यायला १९६१ उजाडलं, आणि रजा २६ आठवड्यांची झाली ती २०१७ मध्ये. शेवटच्या महिन्यातली आजची ठळक काळजी याच रजेभोवती फिरते: आत्ताच घेऊ की बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवू? घरकाम करणारीला, ऊसतोडणीला गेलेलीला हा प्रश्नही पडत नाही, कारण तिला रजाच नाही.

१९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुमारे ८०० गर्भवतींच्या खाण्याचा बारकाईने अभ्यास झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांना दिसलं की बाळाच्या आकाराशी नाळ जुळते ती नुसत्या उष्मांकांपेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा पोटात जातं याच्याशी. चाकवत, मेथी, पेरू यांचे डोहाळे कुणी गाण्यात घातलेले नाहीत, ही आपल्या गाण्यांची उणीवच.

राज्यातल्या आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना चालते. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत रोज एक वेळचं गरम जेवण अंगणवाडीत मिळतं: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं. डबा भरून घरी नेला तर तो सगळ्यांत वाटला जातो, म्हणून तिथेच बसून खायचं. दुपारी चारसहा जणी पाय पसरून भिंतीला टेकतात, ताटं पुढे असतात. एकीचे पाय सुजलेले, दुसरीला आठवा लागलेला. ताटातलं निम्मं होईपर्यंत कुणी फारसं बोलत नाही. मग एकजण विचारते, तुझं रात्रीचं हलतं का गं?