वाढदिवस, मार्कंडेय आणि सरत्या वर्षाची मोजदाद

ओवाळून झालं, तोंड गोड झालं, की सोलापुरातल्या कितीतरी घरांत आता वाढदिवसाच्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट होते. कुणीतरी विचारतं, "मग, वर्षभरात चांगलं काय काय झालं?" कुणी मोबाइलमधले फोटो मागे मागे सरकवत नेतं, कुणी वहीत टिपून ठेवलेलं वाचून दाखवतं. मला ही पद्धत मनापासून आवडते. तिचा माग काढू लागलं की लक्षात येतं, वाढदिवसाचे आपले जुने विधी जवळपास सगळे पुढच्या वर्षाकडे तोंड करून आहेत. सरलेल्या वर्षाकडे वळून बघायची सवय दुसऱ्या वाटांनी आली, आणि फार काळ त्या वळून बघण्यात सुखाला जागा कमीच होती.

सुरुवात आपल्या जिल्ह्यातूनच करता येते. पंढरपुरात राहणाऱ्या काशीनाथशास्त्री उपाध्याय, म्हणजे बाबा पाध्ये यांनी १७९०-९१ मध्ये 'धर्मसिंधु' पुरा केला. महाराष्ट्रात धर्मशास्त्राचा निर्णय हवा असला की आजही आधी तोच उघडला जातो. त्यात वर्धापनविधी, म्हणजे वाढदिवसाचा विधी आहे. पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर वर्षी जन्मतिथीला तो करायचा. तीळ लावून स्नान करायचं. मार्कंडेयाची पूजा, त्याच्याबरोबर अश्वत्थामा, बली, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांची. षष्ठीदेवीला दहीभाताचा नैवेद्य. शेवटी तीळ आणि गूळ घातलेलं अर्धी ओंजळ दूध प्यायचं आणि मार्कंडेयाकडे आयुष्य मागायचं. त्या दिवशी काय करू नये, हेही परंपरेने सांगून ठेवलं आहे: नखं-केस कापू नयेत, प्रवास टाळावा, मांसाहार नको, हिंसा नको, भांडण नको. यातला भांडणाचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. इतर काही पाळलं नाही तरी हा एक घरोघर पाळावा.

मार्कंडेयच का, तर मृकंडू ऋषींच्या या मुलाला सोळा वर्षांचंच आयुष्य होतं. यम न्यायला आला तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि शंकराने त्याला मरणातून सोडवलं. ज्याचं आयुष्य मोजून दिलं होतं आणि मग वाढवून मिळालं, त्याच्याकडे आयुष्य मागायचं, हे साहजिकच आहे.

सोलापूरकराला हे नाव पुराणातलं म्हणून दूरचं वाटत नाही. तेलंगणातून इथे येऊन मागांवर शहर उभं करणारा पद्मशाली समाज स्वतःला मार्कंडेयाच्या कुळातला मानतो. त्यांच्या परंपरेत भावनाऋषीने कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी पहिलं वस्त्र विणलं, आणि हा भावनाऋषी मार्कंडेयाचा मुलगा. दर वर्षी नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ शहरातून निघतो, पूर्व भागात घरोघर नवं जानवं घातलं जातं. पंढरपूरच्या शास्त्र्याने वाढदिवसाच्या पूजेत ज्याला मानाने बसवलं, तोच सोलापूरच्या विणकरांचा मूळपुरुष. हे दोन धागे एकाच जिल्ह्यात भेटतात आणि तरी त्यांचा एकत्र उल्लेख फारसा कुठे ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

षष्ठीदेवी तर आपल्या ओळखीचीच, सटवाई. बाळ जन्मल्यावर सहाव्या रात्री ती येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. माणसाच्या आयुष्यातला लिहिण्याचा पहिला प्रसंग हाच, आणि ते लिखाण पुढचं. ज्योतिषातलं वर्षफलही तसंच. वाढदिवसाच्या सुमारास सूर्य जन्मवेळच्या जागी परत येतो, त्या क्षणाची कुंडली मांडून येणारं वर्ष कसं जाईल ते सांगायचं. हे ताजिक शास्त्र अरबी-फारशी वाटेने आपल्याकडे आलं. त्यावरचा नीलकंठाचा प्रसिद्ध ग्रंथ १५८७ चा. म्हणजे पूजा असो, सटवाई असो की कुंडली, प्रश्न एकच: पुढे काय?

या सगळ्यात सहस्रचंद्रदर्शन वेगळं उठून दिसतं. हजार पौर्णिमा पाहायला सुमारे ऐंशी वर्षं आणि दहा महिने लागतात. साठीची शांत करताना पुढचं अरिष्ट टळावं हा भाव असतो. सहस्रचंद्राला मात्र काय मिळालं ते मोजलं जातं, आणि मोजायला निवडला आहे तो चंद्र. पैसा, जमीन, नातवंडं यांतलं काही न मोजता पाहिलेल्या पौर्णिमा मोजायच्या. वर्षातले चांगले क्षण आठवण्याच्या आजच्या पद्धतीचं मूळ आपल्या परंपरेत कुठे शोधायचं असेल, तर मी इथे बोट ठेवेन.

पण वाढदिवस साजरा करायला जन्मदिवस माहीत हवा, आणि इथेच सोलापूरच्या जुन्या पिढ्यांची अडचण होती. जन्मनोंदणीचा कायदा १८८६ मध्ये झाला, तो ऐच्छिक. देशभर एकसारखी सक्तीची नोंदणी १९६९ च्या कायद्याने आली. मधल्या काळात जन्मतारीख दिली ती शाळेने. जूनमध्ये शाळा उघडायची, पोराला नाव घालायला आणलेलं असायचं, वय बसायला हवं, म्हणून मास्तर १ जून लिहून मोकळे होत. आजही कुठल्याही कार्यालयात सत्तरीच्या आसपासच्या माणसांची कागदपत्रं काढा, १ जूनची रांग लागलेली दिसेल. 'जुनी मिल' ही कापडगिरणी १८७७ ला सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. गावाकडून आलेल्या कामगाराला वय विचारलं, की तो अंदाजाने सांगायचा आणि तेच कागदावर चढायचं.

तिथी आणि तारीख अशी दोन घड्याळं तर होतीच. अकबराचीसुद्धा वर्षातून दोनदा तुला, म्हणजे मौल्यवान वस्तूंच्या भाराने वजन, होत असे, एकदा सौर वाढदिवसाला आणि एकदा चांद्र. आपल्याकडे पत्रिका असलेल्या घरात तिथी चाले आणि शाळेच्या दाखल्यावर तारीख. ज्याच्याकडे दोन्ही नसे, त्याच्यासाठी होती ती शहराची आठवण.

ही आठवण कशी होती ते बघण्यासारखं आहे. म्हाताऱ्या माणसांना जन्म कधीचा विचारलं, की उत्तरं अशी येत: प्लेगात गाव रानात जाऊन राहिलं होतं तेव्हाचा. मार्शल लॉच्या सालचा. म्हणजे १९३०. गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं, मे महिन्यात इथे लष्करी कायदा लागला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी झाली. कुणी सांगे, रझाकारांच्या वेळचा. निजामाची हद्द शहरापासून जवळच होती, तिकडून जीव वाचवून माणसं इकडे येत होती आणि सप्टेंबर १९४८ मध्ये लष्कराची मुख्य तुकडी हैदराबादकडे निघाली ती सोलापूरहूनच. त्यानंतरची मुलं बहात्तरच्या दुष्काळातली: खडी फोडणारे हात, सुकडी आणि मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी. आणि त्याच्याही नंतरची किल्लारीच्या भूकंपातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते, तेव्हा सोलापुरातही भांडी वाजली आणि माणसं रस्त्यावर आली.

वर्षं अशी दुःखाच्या खुंटीला टांगलेली. सुगी उत्तम झाली त्या सालचा जन्म, असं कुणी सांगितल्याचं मी तरी ऐकलं नाही, आणि सुग्या काही झाल्या नव्हत्या असं नाही. याला मनाची ठेवणही कारण आहे. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मानसशास्त्रातल्या ढीगभर अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा त्यांना हेच दिसलं: वाईट घटना, वाईट बोलणं, वाईट बातमी यांचा ठसा त्याच मापाच्या चांगल्या गोष्टीहून खोल उमटतो. संकट आपोआप लक्षात राहतं. चांगलं मुद्दाम आठवावं लागतं.

मुद्दाम आठवायची शिस्त आली ती हिशेबातून. चाटी गल्लीतले कापडवाले लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी पूजतात, जुनीतली शिल्लक पुढे ओढतात. पेशवाईत रोजकीर्द होती, रोज काय आलं आणि काय गेलं त्याची. इंग्रजी शिक्षणाबरोबर छापील डायरी आली आणि पैशाच्या नोंदीशेजारी कुणीतरी पहिल्यांदा लिहिलं असणार की आज पाऊस पडला, बरं वाटलं. वर्षाकडे मागे वळून बघण्याची ही वाट दुकानातून घरात आली, असं माझं मत आहे.

चांगले दिवस वेगळे मोजण्याची कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी थ्रेस प्रांतातल्या लोकांची एक रीत सांगतो: दिवस कसा गेला त्याप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचे खडे भांड्यात टाकायचे आणि माणूस गेल्यावर ते मोजायचे. त्याच शतकातल्या पर्सियस या कवीने मित्राच्या वाढदिवसावर कविता लिहिली, तिची सुरुवातच आजच्या दिवसाला शुभ खडा लाव, अशी आहे. वाढदिवस आणि चांगल्या दिवसाची मोजणी एकत्र आलेली मला सापडलेली ही सर्वांत जुनी जागा.

आपल्या काळात या कल्पनेला अभ्यासाचं बळ मिळालं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. त्रास लिहिणाऱ्यांपेक्षा पहिल्या गटाला स्वतःचं आयुष्य जास्त बरं वाटत होतं. २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी एक आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी, आणि त्या का घडल्या हेही, लिहायला सांगितलं. त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता. २०१४ मध्ये आणखी एका अभ्यासात दिसलं, की नवं वर्ष, नवा आठवडा यांच्याप्रमाणे वाढदिवसानंतरही माणसं व्यायामासारखी लांबणीवर टाकलेली कामं हाती घेतात, कारण तिथे काळाची रेघ ओढली जाते. सेलिगमन यांच्या प्रयोगातलं "का घडलं" मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं "सहल छान झाली" लिहिलं तर पुढे काही उरत नाही. सहल छान झाली कारण धाकट्या काकांनी सगळ्यांना गोळा केलं, असं लिहिलं की काका वर्षाच्या आठवणीत येऊन बसतात.

सोलापूरकराला हे आठवणं सोपं जावं, कारण आमचं वर्ष गड्डा ते गड्डा चालतं. गड्डा म्हणजे बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची यात्रा, ती संक्रांतीला भरते. अडुसष्ट लिंगांना यण्णिमज्जन, म्हणजे तेलाचा अभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, म्हणजे प्रतीकरूप लग्नसोहळा, मग होमविधी आणि शोभेचं दारूकाम. बाराबंदी घातलेली माणसं खांद्यावर नंदीध्वज पेलतात तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी एकाच वेळी कानावर येते. "ते तर गड्ड्याच्या आधीचं", "गड्डा उठल्यावर लगेच" अशीच आमची तारखांची भाषा. तिथून पुढे सरकत गेलं की एकेक सापडत जातं: शेतातला हुरडा आणि त्याच्याबरोबरची शेंगाचटणी, उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरल्यावर काठाकाठाने दिसलेले रोहित पक्षी, आषाढीच्या आधी शहरातून जाणारी गजानन महाराजांची पालखी, नारळी पौर्णिमेचा रथ, दिवाळी. माझ्या या वर्षाच्या यादीत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडून ती पुन्हा स्वतः पोथी वाचू लागली, हे सगळ्यांत वर आहे. त्याखाली एका जुन्या मित्राशी वर्षानुवर्षं बंद असलेलं बोलणं सुरू झालं, ते. पहिला फोन त्याने केला, हेही मी लिहून ठेवलं आहे.

ज्यांची तारीख कुणालाच ठाऊक नाही, त्यांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात आजीच्या बाबतीत आला. कागदावर तिचीही १ जूनच होती. तिच्या आईने तिला सांगितलेलं एवढंच, की तू गड्ड्यात झालीस. मग आम्ही अक्षतेचा दिवस तिचा धरला. पहिल्यांदा तिला वर्षातलं चांगलं विचारलं तेव्हा ती बराच वेळ गेलेल्या माणसांचीच नावं घेत राहिली. पुढच्या वर्षी मात्र तिने आपणहून सांगायला सुरुवात केली: शेजारच्या सुनेला मुलगी झाली, अंगणातल्या लिंबाला बहर आला, थोरल्या नातवाने मागावरून उतरलेली पहिली चादर आधी तिच्या अंगावर घातली.