झिजलेली स्मृतिनाणी: अमेरिकेच्या चांदीच्या अर्ध्या डॉलरची पार्श्वभूमी

अमेरिकी टांकसाळींनी १८९२ ते १९५४ या काळात चांदीची जी स्मृतिनाणी पाडली, त्यांचे मुख्य प्रकार पन्नास आहेत: अठ्ठेचाळीस अर्ध्या डॉलरचे, एक पाव डॉलरचा आणि एक पूर्ण डॉलरचा. साल आणि टांकसाळीचे चिन्ह यांतला फरक धरला, तर पूर्ण संच १४४ नाण्यांचा होतो. बहुतेक संग्राहक हा संच टांकसाळीतून नुकताच बाहेर पडल्यासारखा, कोऱ्या झळाळीचा मिळावा म्हणून धडपडतात. त्यांच्याच शेजारी एक छोटा पण चिवट वर्ग असा आहे की त्याला हीच नाणी गुळगुळीत झालेली, अक्षरे जेमतेम लागतील इतकी झिजलेली हवी असतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा तऱ्हेवाईकपणा वाटतो. परंतु ही नाणी मुळात झिजण्यासाठी पाडलीच नव्हती, आणि जे व्हायला नको होते ते ज्या थोड्या नाण्यांच्या बाबतीत झाले त्यांचा शोध घेणे, हे या छंदाचे मूळ आहे.

स्मृतिनाण्याचा व्यवहार कसा चालत असे, हे आधी समजून घेतले पाहिजे. एखादे शहर, राज्य किंवा स्मारक समिती अमेरिकी काँग्रेसकडून कायदा मंजूर करून घेई. त्या कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टांकसाळ नाणी पाडी आणि ती समितीला दर्शनी किमतीत, म्हणजे पन्नास सेंटला, देई. समिती तेच नाणे लोकांना एक डॉलरला, पुढे पुढे दीड-दोन डॉलरला विकत असे आणि वरचे पैसे पुतळ्याला, जत्रेला किंवा शताब्दी सोहळ्याला लावत असे. नाणे कायदेशीर चलनच होते. धातू नव्वद टक्के चांदी, वजन साडेबारा ग्रॅम, म्हणजे आपल्या राणीछाप रुपयापेक्षा जेमतेम चिमूटभर जास्त. पण एक डॉलर मोजून घेतलेली वस्तू पन्नास सेंटच्या भावाने दुकानदाराला कोण देणार? ती कपाटात, डबीत, फार तर बायबलच्या पानांत जाऊन बसे. त्यामुळे झिजलेले स्मृतिनाणे दिसले की पहिला प्रश्न हाच पडतो, की याची वरची किंमत कोणी आणि कधी सोडून दिली.

याचे सगळ्यात मोठे उत्तर पहिल्याच नाण्यात सापडते. कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाली म्हणून शिकागोत जागतिक प्रदर्शन भरवायचे ठरले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत सप्टेंबर १८९३ मध्ये विवेकानंद बोलले, म्हणून ते आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. प्रदर्शनाला रोख अनुदान देण्याऐवजी काँग्रेसने ऑगस्ट १८९२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत अर्धे डॉलर पाडून देण्याचा कायदा केला. कोलंबसाचा मुखवटा चार्ल्स बार्बर याने कोरला, मागच्या बाजूचे सांता मारिया जहाज जॉर्ज मॉर्गन याने. आरंभ थाटात झाला; रेमिंग्टन टंकलेखन यंत्रे विकणाऱ्या कंपनीने पाडलेल्या पहिल्या नाण्यासाठी जाहिरात म्हणून दहा हजार डॉलर मोजले. १८९२ चे साल असलेली साडेनऊ लाख नाणी निघाली आणि १८९३ ची चाळीस लाखांहून जास्त.

इथेच गणित चुकले. १८९३ च्या वसंतात अमेरिकेत बँका आणि रेल्वे कंपन्या बुडू लागल्या, आणि प्रदर्शनाच्या दारात तिकीट पन्नास सेंटचे असताना आत आणखी पन्नास सेंटचे नाणे डॉलरला घेणे अनेकांना परवडण्यासारखे राहिले नाही. प्रदर्शन संपले तेव्हा ढिगांनी नाणी शिल्लक होती. सुमारे पंचवीस लाख परत आटवली गेली, आणि उरलेल्यांतली पुष्कळशी कोशागाराने सरळ दर्शनी किमतीत बाजारात सोडली. कोलंबस मग पुढची कित्येक वर्षे ट्रामच्या भाड्यात, किराण्याच्या गल्ल्यात आणि मजुरीच्या पाकिटात फिरत राहिला. पुढे अडीअडचणीला जुनी ठेव मोडणाऱ्यांच्या हातूनही आणखी नाणी त्यांत येऊन मिसळली. आज झिजलेले अमेरिकी स्मृतिनाणे म्हणून कुठल्याही व्यापाऱ्याच्या वाटीत हात घातला, तर हाताला बहुधा १८९३ चे कोलंबियनच लागते, आणि त्याची किंमतही चांदीच्या भावाच्या आसपासच घुटमळते.

माझ्याजवळ असे एक आहे. कोलंबसाच्या गालाचे हाड आणि कानामागची केसांची बट एका पातळीत आली आहे, भुवईच्या जागी नुसती सावली उरली आहे. मागच्या बाजूला जहाजाचे मोठे शीड, जे नाण्यावर सर्वांत उंच होते, ते सपाट पत्र्यासारखे झाले आहे. खालच्या दोन गोलार्धांवरच्या खंडांच्या रेषा अंदाजाने ओळखाव्या लागतात, पण त्यांच्या दोन्ही बाजूंचे १४ आणि ९२ हे आकडे सखल भागात असल्यामुळे अजून स्वच्छ वाचता येतात. काट्यावर ते पावणेबारा ग्रॅम भरते. ते पाऊण ग्रॅम चांदी कोणाकोणाच्या खिशाच्या अस्तराला लागून गेली असेल, याचा विचार मनात येतोच.

त्याच प्रदर्शनात महिला मंडळाने कोलंबसाला पाठबळ देणाऱ्या स्पेनच्या इझाबेला राणीचा पाव डॉलर काढला. तो चाळीस हजार पाडला, डॉलरलाच विकला, आणि न खपलेली नाणी आटवल्यावर २४,२१४ उरले. पाव डॉलरला डॉलर मोजणारी गिऱ्हाइके हौशी असणार, त्यामुळे खूप झिजलेली इझाबेला मिळणे कठीण. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या फ्रेंच सेनानी लाफायेतच्या नावाचा १९०० सालचा डॉलर दोन डॉलरला विकला गेला. पन्नास हजारांतले सुमारे चौदा हजार पुढे आटवले. याही नाण्याला थोडेफार हाताळल्याच्या खुणा पुष्कळदा दिसतात, पण खरोखर फिरून गुळगुळीत झालेले उदाहरण सहज समोर येत नाही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात समित्यांचा सुळसुळाट झाला आणि त्याबरोबर अपयशांचाही. १९२३ चा मन्रो सिद्धांताचा अर्धा डॉलर हे त्याचे नमुनेदार उदाहरण. लॉस एंजलिसच्या चित्रपटउद्योगाला आपले बदनाम झालेले नाव सावरण्यासाठी एक प्रदर्शन भरवायचे होते. निमित्ताला शंभर वर्षांपूर्वीचे परराष्ट्रधोरण शोधून काढले गेले. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीने २,७४,००० वर नाणी पाडली. डॉलरला ती फारशी खपली नाहीत आणि बहुतेक पन्नास सेंटलाच चलनात गेली. त्यात भर म्हणजे त्याची कोरणी मुळातच उथळ. म्हणून ते थोडेसे फिरले तरी जास्त झिजल्यासारखे दिसते, आणि प्रतवारी करणाऱ्याची त्यात फसगत होते. जॉर्जिया राज्यातल्या स्टोन माउंटन डोंगरावर कोरायच्या स्मारकासाठी काढलेला १९२५ चा अर्धा डॉलर, ज्याचा शिल्पकार गट्झन बोर्गलम पुढे माउंट रशमोरसाठी प्रसिद्ध झाला, तो तर तेवीस लाखांवर पाडला गेला. दहा लाख परत आटवले, तेरा लाख लोकांत राहिले, आणि १९२९ नंतरच्या महामंदीत त्यांतले कितीतरी घरातून बाहेर पडले. नोकरी गेलेल्या माणसाला डबीतले स्मारक हे शेवटी पन्नास सेंटच होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दीडशे वर्षे झाली म्हणून १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या सोहळ्यासाठी काढलेल्या नाण्याची गत याहून वाईट. दहा लाखांतली साडेआठ लाखांहून जास्त आटवावी लागली.

मंदीच्या त्याच दशकात वारे उलटे फिरले. १९३५-३६ मध्ये स्मृतिनाण्यांचा सट्टा सुरू झाला. एकाच विषयाची नाणी दरवर्षी, तीन-तीन टांकसाळींतून थोडीथोडी काढून संग्राहकांना संचाने विकण्याची युक्ती समित्यांना सापडली. सिनसिनाटीचे १९३६ चे नाणे तिन्ही टांकसाळींत मिळून जेमतेम पंधरा हजार. ओरडा झाला, आणि १९३९ मध्ये कायद्याने जुन्या परवानग्यांवर नाणी पाडणे बंद झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने या टप्प्याचे महत्त्व असे की ही नाणी सरळ संग्राहकाच्या हाती गेली, गल्ल्यात गेलीच नाहीत. एकूण नाणी कमी, आणि त्यांतली झिजलेली त्याहून कमी. त्याआधीचे, १९२८ चे हवाईचे नाणे फक्त दहा हजार. तेही कोऱ्या अवस्थेत महाग असले तरी पैसे मोजल्यावर मिळते, परंतु पैसे हातात घेऊन उभे राहिले तरी झिजून अंक मावळलेले हवाई मिळेलच असे नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा जुनाच प्रकार झाला. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचा १९४६ ते १९५१ चा आणि कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर व हेच वॉशिंग्टन यांचा १९५१ ते १९५४ चा अर्धा डॉलर, दोन्ही आयझॅक स्कॉट हॅथवे या कृष्णवर्णीय शिल्पकाराचे, अपेक्षेइतके खपले नाहीत आणि त्यांतले बरेच बँकांमार्फत दर्शनी किमतीत सुटले. याच्या नेमके उलट आयोवा राज्याने केले: १९४६ च्या एक लाख नाण्यांपैकी पाचशे १९९६ साठी आणि पाचशे २०४६ साठी राखून ठेवली. ज्या नाण्याची अशी निगा राखली जाते, त्याचे झिजलेले रूप शोधणाऱ्याच्या नशिबी अर्थातच वणवण येते.

या वणवणीला आकडा मिळाला तो प्रतवारीमुळे. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० असे मोजमाप मांडले. त्यांची कल्पना अगदी व्यापारी होती: १ म्हणजे कसेबसे ओळखू येणारे नाणे, आणि ७० म्हणजे त्याच्या सत्तरपट किमतीचे. हे किमतीचे गणित लवकरच मोडले, आकडे मात्र राहिले, आणि १९८६ पासून पीसीजीएस व पाठोपाठ एनजीसी या संस्थांनी नाणी तपासून, आकडा देऊन, प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत घालायला सुरुवात केली. पुढे संस्थांच्या नोंदवहीत, म्हणजे संग्राहक आपल्या संचांचे आकडे जिथे नोंदवतात तिथे, संचांची चढाओढ लागली. वरच्या टोकाला श्रीमंतांची झुंबड होती. काही मिश्कील डोक्यांनी मोजपट्टी उलटी धरली आणि सर्वांत खालच्या आकड्यासाठी स्पर्धा सुरू केली. अशा संचाला तिकडे ‘लोबॉल’ म्हणतात. ज्या शेल्डनच्या पट्टीवर १ हा तळ होता, तोच इथे शिखर ठरला. काही स्मृतिनाण्यांच्या बाबतीत १ किंवा २ आकड्याचा नमुना मध्यम प्रतीच्या कोऱ्या नाण्यापेक्षा जास्त भाव खातो, याचे नवल आता कोणाला वाटत नाही.

या खेळाची अट कडक आहे. झीज हवी, इजा नको. सगळा उठाव सारखा, हाताच्या स्पर्शाने उतरलेला असला पाहिजे; ओरखडा, ठोका, घासून केलेली सफाई किंवा डाग असलेले नाणे बाद होते. आपल्याकडे सराफाच्या दुकानात रुपयाच्या माळेतून सुटलेले नाणे पाहिले, की वरच्या कडेला कडी झाळल्याची खूण ज्या नजरेने शोधतात, तीच नजर इथे लागते. अमेरिकेतही कोलंबियनला कडी लावून घड्याळाच्या साखळीत अडकवण्याची चाल होती, आणि अशी नाणी एरवी कितीही सुंदर झिजलेली असली तरी आकड्याला मुकतात. आपल्या गांधी शताब्दीच्या, ऐंशी टक्के चांदीच्या दहा रुपयांच्या नाण्याशी तुलना केली तर मुद्दा लगेच ध्यानात येतो. १९६९-७० चे ते नाणे देवघरात आणि आहेरात इतके जपले गेले की ते बहुधा टवटवीतच समोर येते.

१९७९-८० मध्ये चांदीचा भाव भडकून जानेवारी १९८० मध्ये औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला, तेव्हा आणखी एक चाळणी लागली. प्रत्येक अर्ध्या डॉलरमध्ये एक तृतीयांश औंसाहून थोडी जास्त चांदी असते. कोऱ्या स्मृतिनाण्याला संग्राहकाची किंमत होती, ती त्याला वाचवत होती. झिजलेल्या नाण्याला त्या काळी मोडीच्या भावाखेरीज कोणतेच संरक्षण नव्हते. त्या दोन वर्षांत चांदीची जुनी नाणी पोत्यांनी भट्टीत गेली, आणि ज्या प्रतीची आज लोबॉलवाले वाट पाहतात, नेमकी तीच प्रत त्यांत आधी जाण्यासारखी होती.

१९८२ पासून अमेरिकेने पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्माच्या अडीचशेव्या वर्षाच्या अर्ध्या डॉलरने स्मृतिनाण्यांची नवी मालिका सुरू केली. ही नाणी पहिल्या दिवसापासून पेटीबंद विकली जातात आणि चलनात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून काही जण ती मुद्दाम पेटीतून काढून खिशात सुट्ट्या पैशांबरोबर वर्षानुवर्षे बाळगतात. ही झीज खरी की बनावट, यावर संग्राहकांत वाद आहे. माझे मत असे की खिशात दहा वर्षे फिरलेले नाणे खिशातच फिरलेले असते, त्याला कोणी फसवणूक म्हणू नये. मात्र यंत्रात वाळूबरोबर घुसळून काढलेले नाणे त्याच रांगेत बसवणे मला मान्य नाही, आणि भिंगाखाली दोन्हींमधला फरक दिसतो. खिशातल्या नाण्याची कड आतल्या चित्राच्या मानाने उशिरा उतरते, यंत्रातल्या नाण्याची कड आणि चित्र एकदमच बोथट होते.